पोर मळकी नाही

आमच्या कॉलनीतला औषधवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, कोपरांकडे बघतो. थंडीत कुणाचाही हात काउंटरवर आला की त्यावर नखाने रेघ ओढतो. पांढरी उमटली की खेकसतो, "साबण कमी करा. अंग ओलसर असतानाच तेल लावा. वाळल्यावर कसलं लावता, पापड आहात का?" मला त्याचा राग यायचा, कारण माझ्या हातावर रेघ पांढरीच उमटते.

परवा एक बाई सात-आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. पोरीचे हात खवल्यांनी भरलेले, खाजवून लाल झालेले. "गोरं करायची ती ट्यूब द्या. घासून घासून थकले, मळ निघतच नाही."

"ताई, पोर मळकी नाही, कोरडी आहे. त्या ट्यूबने कातडी आणखी पातळ होईल. डॉक्टरला दाखवा."

"नका देऊ. रोडवर दुकानं काय कमी आहेत?" बाई लेकीला ओढत निघाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर कमी, स्वतःवर जास्त. मीही तरुणपणी मोठी शहाणी! माझ्या लेकीचे असेच हात कढत पाण्याने, वज्रीने घासायचे. ती रडायची आणि मी म्हणायचे, नाटकी कार्टी. ती आजही पूर्ण बाह्यांचेच कपडे घालते.

औषधवाल्याने फोन उचलला. रोडवरच्या चारपैकी तीन औषधवाल्यांना सांगितलं, "हिरवी साडी, सोबत मुलगी. ट्यूब देऊ नका." मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आजी, चौथा माझा फोन उचलत नाही."

मी पिशवी उचलली आणि गुडघे विसरून चौथ्याच्या दारात जाऊन उभी राहिले.