बॉयलरच्या पाटीवरचं वर्ष

माझा कारपूलवाला कधीच वेळेवर आला नाही. इथे परदेशात, अर्विंग शहरातल्या आमच्या अपार्टमेंटखाली मी गाडी सुरू करून चरफडत बसायचो आणि हा एका हातात डबा, दुसऱ्या हातात बूट घेऊन जिना उतरायचा. "दोन मिनिटं, यार!" बूट गाडीतच घालायचा.

नोकरी मात्र तारखांशी बांधलेली. कारखान्यांना धुराचे परवाने काढून देणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर होता. कायद्यात एक तारीख ठरलेली आहे. तिच्याआधी बसवलेल्या यंत्राचा धूर जुना म्हणून माफ, नंतरच्याचा मोजून मर्यादेत ठेवावा लागतो. "आपण तेव्हा चड्डीत होतो," तो सांगायचा, "पण तारीख ती तारीख."

एकदा गाडीतच त्याच्या बॉसचा फोन आला. एका क्लायंटचा नंतर बसवलेला बॉयलर त्या तारखेआधीचा दाखवायचा होता.

"नाही दाखवणार, सर. त्याच्या पाटीवर वर्ष कोरलंय. मी बघून आलोय."

"तुझा व्हिसा आमच्या हातात आहे," पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. याने फोन ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला घेतली.

"अरे, बायको-पोरं इथे आहेत तुझी!" मी भडकलो.

"मग? धूर काय व्हिसा विचारून त्यांच्या नाकात शिरणार आहे?"

पुढच्या सोमवारी मी खाली उतरलो, तर हा आधीच गाडीपाशी उभा. बूट पायात, टाय गळ्यात.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "त्या बॉयलरच्या परवान्यावर जनसुनावणी आहे आज. तिथे सोड मला. आणि चल लवकर, उशीर नकोय."