जिऱ्याचं चीज

इथे कुवेतमध्ये महबूला भागातल्या एका दुकानात परवा जिरं घातलेलं डच चीज दिसलं आणि त्या वासासरशी साहेबांचा सलवा भागातला फ्लॅट आठवला. आमचे डच साहेब कुवेत सोडून कायमचे आपल्या गावी नव्या नोकरीवर निघाले होते आणि त्यांनी आम्हा नवरा-बायकोला कॉफीला बोलावलं होतं. सोबत त्यांच्या गावचं हेच चीज होतं. मग त्यांनी फोटो दाखवले. समुद्राच्या पातळीखाली पसरलेली कुरणं, पट्टीने आखल्यासारखे कालवे, बांधावर चरणाऱ्या मेंढ्या. फार पूर्वी बांध फुटून शेजारचं खेडं बुडालं, ते पुन्हा वसलंच नाही, म्हणून आजही पंप अखंड चालू असतात, असं ते सांगत होते. “त्या पंपांच्या कामावर मला तुझ्यासारखा इंजिनिअर हवाय. येतोस का?” बायकोचा कप हातातच थांबला. इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपली की देश सोडा, या जगण्याला ती विटली होती. जायचं मलाही होतं, पण तोंडातून सवयीने निघालं, “नको, माझ्यासाठी उगाच कशाला त्रास घेता?” आपल्यात पहिलं नको कोणी खरं धरत नाही. साहेबांनी धरलं. “बरं,” म्हणत त्यांनी चीजवर झाकण ठेवलं. ते पुन्हा विचारतील म्हणून मी निघेपर्यंत वाट पाहिली. लिफ्टमध्ये बायको एवढंच म्हणाली, “तुमचे पाय धरायला हवे होते का त्यांनी?” ती जागा माझ्याच हाताखालच्या माणसाला मिळाली. परवा मी ते चीज घरी आणलं, कापून तिच्यापुढे ठेवलं. ती नको म्हणाली. मी तीनदा आग्रह केला. तिचं नको पहिल्यापासून खरं होतं.