सुगंधासाठी निवडलेले पोहे

गेल्या रविवारी रोह्यात माझी चांगलीच जिरली... आणि जिरायलाच हवी होती. मदत गोळा करायची ती पोस्ट मीच टाकली होती, तुम्ही सगळ्यांनी ती भरभरून शेअर केलीत. म्हणून पुढचंही मीच सांगायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... सुगंधा ही निडीजवळच्या कातकरी वाडीतली माझी विद्यार्थिनी. नर्स झाली, मग चर्चची सिस्टर, म्हणजे नन झाली, आणि आता ती परदेशात अशा शहरात आहे जिथे युद्ध चालू आहे. शहराचं नाव लिहू नका असं तिच्या वरिष्ठ सिस्टरांनी बजावलंय.

तिथली ख्रिस्ती कुटुंबं घरंदारं सोडून चर्चमध्ये येऊन राहिलीत. म्हातारेकोतारे, आजारी, तान्ही बाळं... बाकांवरच झोपतात. सुगंधाला निघून यायची संधी मिळाली होती, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसांना टाकून कशी येऊ, म्हणाली आणि राहिली.

तिची आई जनीमावशी. शेतावर, वीटभट्टीवर, मिळेल ती मजुरी करते आणि रविवारी न चुकता रोह्याला चर्चला येते. सुगंधाची बातमी ऐकल्यापासून ती नीट जेवतही नव्हती.

आता आपल्याकडची मदतीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कुंडलिकेला पूर आला, लोक शाळेत जाऊन बसले की पेणहून पोह्यांची पोती, पापड, बिस्किटं, जुन्या साड्या भरून टेम्पो हजर. चर्चमध्ये माणसं अडकलीत म्हटल्यावर आम्ही तेच केलं. युद्ध आमच्यापैकी बघितलंय कुणी... आमच्या डोळ्यांसमोर आपला पूरच.

धाटावच्या कंपनीतली माणसं शिफ्ट सुटल्यावर ब्लँकेटं ठेवून गेली. पेणला माझ्या शाळेतल्या बायकांनी घरचे पापड दिले. एक साहेब नुसते फोटोपुरते आले, पोत्यावर हात ठेवला आणि गाडीत बसून गेले. 'आधी इथल्या गरिबांचं बघा' म्हणून कमेंट टाकणारेही होते... त्यांनी स्वतः आजवर इथल्या कुठल्या गरिबाचं बघितलं, देव जाणे.

जनीमावशीनं पोहे आणले. मजुरी सुटली की रोज संध्याकाळी ती चर्चच्या मागच्या खोलीत येऊन बसायची. सगळ्यांचे पोहे सुपात घेऊन निवडायची, लेकरांच्या दाताखाली खडा यायला नको म्हणून एकदा निवडलेले परत निवडायची.

आणि चक्क हसायची. “पोह्याला चूल नको, काय नको... भिजवले का झालं,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिने माझ्या फोनवरून सुगंधाला व्हॉइस मेसेजही केला, पोहे येतायत म्हणून. तो बरेच दिवस गेलाच नाही, आणि खरं सांगते, तो जाऊ नये असंच मला वाटत होतं.

कारण... हे लिहायला जड जातंय. गोळा करायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी पेणला एका कुरियरवाल्याकडे चौकशी केली होती. त्याने सरळ सांगितलं, “मॅडम, तिकडे कायच जात नाय. माझ्याकडे ठेवाल तर इथंच किडे पडतील.” सुगंधाच्या संस्थेतल्या मुंबईच्या सिस्टरांना फोन केला, त्याही तेच म्हणाल्या. सगळ्या वाटा बंद आहेत, प्रार्थना करा.

मी कुणाला बोलले नाही. मावशी इतक्या दिवसांनी हसतेय, दोन घास खातेय, कशाला तिच्या जिवाला घोर लावू... अशी मनाची समजूत घातली. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. पोस्टवर माझं कौतुक चाललं होतं आणि मला ते गोड लागत होतं.

रविवारी चर्च सुटलं आणि माझा फोन वाजला. सुगंधाचा व्हॉइस मेसेज. मी आनंदाने मावशीला हाताला धरून बाकावर बसवलं, आणि स्वतः न ऐकताच फोन तिच्या कानाशी लावला.

“आये, मी बरी हाय गो. पोहे नको पाठवू. इथं भिजवायला पानी नाय. जे हाय ते आजाऱ्यांना देतो. बाहेरून कायच येत नाय, बाईंना म्हायीत असल... त्यांना विचार.”

मावशीनं ते तीनदा ऐकलं. मग फोन माझ्या हातात दिला. “बाई, तुमाला म्हायीत व्हतं?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार...

ती चार माणसांत मला बोलली असती तर बरं झालं असतं. ती बोलली नाही. खाली बघत हळूच म्हणाली, “पोर तिकडं तहानेली, नि मी इथं हसत व्हते. मला सांगायचं ना, बाई. मी रडली असती. माझी पोर हाय... माझं रडायचं व्हतं.”



सामान आम्ही आजूबाजूच्या वाड्यांवर वाटून टाकलं. मावशीनं त्यातलं मूठभरही घेतलं नाही. आम्ही पाठवलेला नवा मेसेज अजून गेलेला नाही, त्या चर्चमधल्यांना पाणी मिळालं की नाही तेही कळलेलं नाही.

शाळा सुटली की पेणहून येताना मी रोज निडीला उतरते आणि वाडीवर जाऊन तिच्या ओट्यावर बसते. फोन तिच्या पुढे धरते. काही आलेलं नाही, असं आता मी स्पष्ट सांगते... एका शब्दाचंही त्यात गोड करत नाही. ती ऐकते आणि रडते.

माझ्याशी ती अजून बोलत नाही. पण माझ्यासमोर रडते, मला उठून जा म्हणत नाही... एवढ्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.