खिडकीच्या बाहेरून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय? — मलाही नीट माहीत नाही.

मी लहान मुलांचा डॉक्टर. नाशिकमध्ये राहतो. पण लोक ओळखतात ते माझ्या संशोधनामुळे. जन्मल्यावर जे बाळ श्वास घेत नाही, त्याला खेड्यातल्या आरोग्य केंद्रातच कसं वाचवायचं, यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. डॉक्टर आणि नर्स हे एकदा शिकतात आणि विसरतात. म्हणून त्यांच्याच केंद्रात, रबरी बाहुलीवर, थोडा थोडा सराव पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. साधीच गोष्ट, पण तिने मुलं जगली. ते खरं आहे.

"प्रॅक्टिस सोडून संशोधनाकडे कसे वळलात?" असं सगळे विचारतात. माझं उत्तर पाठ आहे — एकेका मुलापेक्षा हजारो मुलांपर्यंत पोहोचायचं होतं. टाळ्या पडतात.

आणि खरं कारण?

एम.डी. झाल्यावर पहिली नेमणूक सुरगाण्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मिळाली. तिथे मी आणि मेधा, दोघेच डॉक्टर. ती माझ्याहून लहान, नुकतीच एमबीबीएस झालेली. एका दुपारी एक बाई बाळंत झाली. मुलगी. रडली नाही. अंग निळं, हातपाय गळून गेलेले. मेधाने तिला पुसलं, पाठ चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञ मी होतो ना! श्वास देण्याचा मास्क आणि फुगा माझ्या हाताशीच होता. आणि माझे हात — कसं सांगू? — उठलेच नाहीत.

"नाशिकला फोन लावतो," म्हणालो आणि बाहेर पडलो.

फोन खिशातच राहिला. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. आत मेधा बाळाच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबत होती. इवलीशी छाती वर यायची, खाली जायची. मग छातीच्या मधोमध जरासा गुलाबी रंग उमटला. तो पसरत गेला — पोटावर, मांड्यांवर, ओठांवर. परीक्षेत मी हे सगळं लिहिलं होतं. पण हे असं असतं? आत्ता नव्हतं, आणि आता आहे? पोरीने तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. मी देव मानत नाही. तरी तिथे, खिडकीबाहेर, माझे हात जोडले गेले.

आत गेलो तर बाळाची आजी माझ्याच पाया पडली. "डाक्टर, पोर जगली माझी." मी पाय मागे घेतले नाहीत.

"लागला का फोन, सर?" मेधाने विचारलं.

"रेंज नाही."

रेंज होती.

त्या वर्षाअखेरीस मी प्रॅक्टिस सोडली. नंतर बाहुल्यांना श्वास दिला, जिवंत बाळाला कधीच नाही. माझ्या एका शोधनिबंधात हात थिजवणाऱ्या भीतीवर मोठा भाग आहे. इतकं बारकाईने कसं लिहिलंत, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, नर्सेसच्या मुलाखतींमधून.

हे सगळं जुनं आहे, असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही तसंच वाटायचं.

गेल्या महिन्यात घोटीजवळच्या एका केंद्रात सराव घेत होतो. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हाक आली — बाळ रडत नाही. आम्ही सगळे धावलो. तिथली तरुण डॉक्टर पूजा घाबरून बाजूला झाली. "सर, तुम्ही या ना पुढे."

"तू कर," मी म्हणालो. "मी आहे."

होतो का मी? हात कोटाच्या खिशात, मुठी घट्ट.

पूजाने मास्क धरला, फुगा दाबला. आणि पुन्हा तो रंग — छातीतून निघून सगळ्या अंगभर. इतकी वर्षं झाली, पण तो तितकाच नवा वाटला. बाळ रडलं. त्याच्या आईने हुंदका दिला. मीही रडलो, आणि ते मात्र खोटं नव्हतं.

बाहेर आल्यावर पूजा सगळ्यांना सांगत सुटली, "सरांनी मुद्दाम मला करू दिलं. माझी भीती जावी म्हणून."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसून मान डोलावली.