जिंतूर गाडीच्या अक्का

अक्कांना गाडी थांबवायला घंटीची दोरी लागत नसे. मागच्या सीटपासून त्या नुसतं "धराऽऽ" म्हणायच्या आणि पुढे चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. परभणीहून जिंतूरला जाणारी सकाळची गाडी, आत दुधाचे कॅन, शाळेची पोरं, कोर्टात तारखेला निघालेली माणसं, लग्नाच्या आहेराची गाठोडी. त्या सगळ्या गलक्यावरून अक्कांचा आवाज सहज पुढे जायचा.

त्या या एसटीच्या वाहक; कागदावर त्यांचं नाव सुलोचना होतं. गाडीत सगळे अक्काच म्हणायचे. त्या मात्र कुणाला नावानं हाक मारत नसत, थांब्यानं मारत. मी झरीच्या शाळेत शिकवते, म्हणून मी 'झरी मॅडम'. बोरीचे एक वयस्कर गुरुजी नुसतेच 'बोरी'. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "येवढ्या लोकायची नावं कुठं ध्यानात ठेवू? कुठं उतरायचं ते ठाऊक असलं की बास."

आजारी बाई उभी दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. पांढऱ्या कपड्यातल्या एका पुढाऱ्याला त्यांनी भर गाडीत उठवलं होतं. तो म्हणाला, "मी तिकीट काढलंय." अक्का म्हणाल्या, "काढलंय ना, मग गाडी तुमाला नेईलच. पाय काय भाड्यानं आणलेत का? उठा जरा." गाडी हसली, तो उठला, आणि कडेवर लेकरू घेतलेली एक तापानं फणफणलेली बाई तिथे बसली.

स्वतःच्या शरीराची मात्र त्यांनी कधी अशी दखल घेतली नाही. ड्यूटीवर त्या पाणी पीत नसत. "बाईमाणसानं मधी जायचं कुठं?" एवढंच म्हणायच्या. पोट दुखलं तर ओवा, डोकं दुखलं तर चहा. त्यामुळे एका हिवाळ्यात त्यांचं पोट फुगायला लागलं, दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी त्याला गॅस असं नाव देऊन टाकलं. पिशवीत गोळ्यांची पट्टी असायची. खाकी कुडत्याची शिवण दोनदा उसवून घेतली. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "अक्का, गोड बातमी दिसतेय." त्यांची लेक रेणुका तेव्हा गरोदर होती. अक्का म्हणाल्या, "व्हय, नातवाच्या आधी त्याचा मामा आणायलेय!" सगळ्यांबरोबर मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

संक्रांतीनंतर त्या गाडीवर दिसेनाशा झाल्या. आमची घरं परभणीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी गेले तर कुलूप. शेजारणीनं सांगितलं, संभाजीनगरला नेलंय, मोठं ऑपरेशन आहे. अंडाशयाचा कॅन्सर होता. तो आतड्यावरही पसरला होता. डॉक्टरांनी सगळं काढलं, आतड्याचा एक तुकडाही काढला, आणि उरलेल्या आतड्याचं तोंड पोटाला डाव्या बाजूला भोक पाडून बाहेर आणलं. त्यावर पिशवी चिकटवली. आता शौच त्या पिशवीत होणार. डॉक्टर म्हणाले होते, केमोचे सहा डोस होऊ द्या, मग तपासू, सगळं ठीक दिसलं तर आतडं पुन्हा जोडून हे तोंड बंद करता येईल. त्या लांबलचक वाक्यातलं 'बंद करता येईल' तेवढंच अक्कांनी जपून ठेवलं.

घरी आल्यावर मी भेटायला गेले. अक्का चादर गळ्यापर्यंत ओढून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पंधरा वर्षं एक पिशवी खांद्याला होती, मॅडम. ती सुटली अन् ही चिकटली." मी हसायचा प्रयत्न केला. त्या हसत नव्हत्या. तेवढ्यात चादरीखालून आवाज आला, पोटातल्या वाऱ्याचा. अक्का घाईनं खोकल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, "ही आपल्या मनानं बोलती. पावणे चहा पिऊ लागले की हमखास. आवरताच येत न्हाई." त्या दिवसापासून त्या हळू बोलायला लागल्या. ज्या बाईची हाक गाडीच्या शेवटच्या सीटपासून चालकाला पोचायची, तिचं बोलणं ऐकायला मला खाटेजवळ वाकावं लागायचं.

अक्कांचे यजमान, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, शेतीच्या मोटारी दुरुस्त करतात. भला माणूस. भाकरी थापायला शिकले, अक्कांची लुगडी धुतली, रात्र रात्र पाय चेपले. पण पिशवी बदलायची वेळ आली की उठून अंगणात जायचे. एकदा दारापर्यंत आले, भिंतीला धरून उभे राहिले आणि तसेच परत गेले. अक्का म्हणाल्या, "त्यायला नका काही म्हणू. माझ्याच्यानं बघवत न्हाई, त्यायच्यानं कसं बघवंल?" रेणुका सेलूला दिलेली, बाळंत होऊन दोन महिने झालेले. ती येऊन येऊन किती येणार? शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. मी म्हणाले, मी शिकते.

दवाखान्यातल्या सिस्टरनं मला शिकवलं. पिशवी ज्यावर बसते त्या चिकट चकतीला मापानं भोक कापायचं, कातडी कोमट पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करायची, चकती लावून वर पाच मिनिटं तळहात ठेवायचा म्हणजे उबेनं चिकटते. आतड्याचं ते तोंड लाल, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखं. तळहात ठेवायची ती पाच मिनिटं अक्का डोळे मिटून, तोंड भिंतीकडे करून पडायच्या. परभणीचा उन्हाळा, घामानं कडा सुटायच्या, भोवतालची कातडी सोलून निघायची. त्यावर पुन्हा चकती.

दर एकवीस दिवसांनी आम्ही रेल्वेनं केमोला जायचो. पहिल्या डोसनंतर केस गेले. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. "रुमाल बांधला की झालं." दुसऱ्यानंतर बोटं बधिर झाली. पिशवीच्या तोंडाचा चिमटा त्यांना उघडता येईना. मी बघत होते, त्या पुन्हा पुन्हा दाबत होत्या, चिमटा बोटांतून निसटत होता. शेवटी त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तिकिटं फाडायची बोटं हायत ही," म्हणाल्या. "आता चटका बसला तरी कळंना."

मे महिन्याच्या शेवटी एक दिवस त्यांना बरं वाटत होतं. रजेचा कागद द्यायला आगारात जायचं होतं. तो दिल्यावर म्हणाल्या, "चला मॅडम, झरीपर्यंत जाऊन येऊ. नुसतं बसून येते." मी नको म्हणायला हवं होतं. पण आगारातल्या लोकांनी त्यांना घेरलं होतं, चहा पाजला होता, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर मी जुना रंग पाहिला होता. गाडीवरच्या नव्या वाहक मुलीनं त्यांना खिडकीची जागा दिली. गाडी भरली होती. निम्म्या वाटेवर अक्कांनी माझा हात घट्ट धरला. केमोनं शौचाला पातळ होत होतं, पिशवी भरली आणि घामानं ढिली झालेली कड सुटली.

वास सुटला. आधी मागे कुजबुज झाली. मग कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "काय आणलंय रे गाडीत? मेलेलं जनावर हाय का?" बायांनी नाकाला पदर लावले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि माझा हात, मी मुद्दाम नाही, पण माझा हात उठला आणि मीही पदर नाकाला लावला. क्षणभरच. अक्कांनी ते पाहिलं.

त्या उठल्या. साडी पोटाशी आवळून धरली आणि "धरा" म्हणाल्या. चालकाला ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग त्या मुलीनं घंटी दिली.

आम्ही मधेच उतरलो. गाडी निघून गेली. रस्त्याच्या कडेला एक बाभूळ होती, धड सावलीही नव्हती. येणाऱ्या जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून मी एका हातानं माझा पदर पसरून आडोसा केला आणि दुसऱ्या हातानं बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी पुरलं नाही. अक्का साडी वर धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "वास मलाबी येतो, मॅडम. मी कुठं तोंड फिरवू?"

माफी मागायची होती, ती मागितली नाही. पुढे हजार वेळा मनात मागितली. तिचा काही उपयोग नसतो.

त्यानंतर त्या केमोशिवाय घराबाहेर पडल्या नाहीत. खाणं कमी केलं, कारण खाल्लं की पिशवी भरते. चौथ्या डोसनंतर स्कॅन झालं. तरुण डॉक्टर होता, चांगला होता. त्यानं कागद दोनदा वाचला. यकृतावर गाठी आल्यात, पोटात पुन्हा पाणी होतंय, औषध बदलून बघू, असं सांगितलं. अक्कांनी एवढंच विचारलं, "मग हे बंद कवा करायचं?"

डॉक्टर म्हणाला, "आई, ते आता राहू द्या."

परतीची गाडी सेलूला दोन मिनिटं थांबते. रेणुका बाळाला घेऊन फलाटावर आली होती. खिडकीच्या गजांमधून तिनं विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?" अक्का म्हणाल्या, "चांगलं हाय. थोडे दिवसांनी बंद करतो म्हणले." रेणुकाचे डोळे भरले, तिनं बाळ खिडकीशी उंच धरलं. "आई, हात तरी लाव गं. अजून घेतलंच न्हाई तू त्याला." अक्कांनी हात उचलला आणि मागे घेतला. "नगं. घाण लागंल लेकराला." गाडी हलली. बाळ गजांकडे बघत होतं. अक्का मानवत रोड येईपर्यंत रडत होत्या, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता.

नवं औषध त्यांनी घेतलं नाही. मी खूप बोलले. दाजींनी पाया पडून सांगितलं. अक्का म्हणाल्या, "तुमाला वाटलं, मी बरं व्हायसाठी सोसायले. म्या बंद व्हायसाठी सोसलं. येवढं एक बंद झालं असतं तर पुढं काही का होईना." मग म्हणाल्या, "मराचं भ्या न्हाई असं नका समजू. लय भ्या वाटतं. पण हे असं जगायचंबी भ्याच वाटतं. दोन्हीकडून भ्या हाय, मॅडम. मंग एक तरी संपू द्या." मी शिक्षिका आहे, समजावणं हा माझा धंदा. त्या दिवशी मी नव्या औषधाची चिठ्ठी घडी घालून ठेवून दिली.

पोळा झाल्यावर आठ दिवसांनी, सकाळी, त्या गेल्या. मी पोचले तेव्हा न्हाणीसमोर पाट मांडला होता, बाया जमल्या होत्या. आंघोळ घालताना त्यांच्या जावेचा हात कमरेपाशी थांबला. कुणी पुढे होईना. कुणी म्हणालं, असू द्या तसंच. कुणी म्हणालं, तसं कसं पाठवायचं? रेणुकानं माझ्याकडे पाहिलं.

मी बसले. चकतीची कड भिजवली, हळूहळू सोडवली, पिशवी काढून बाजूला ठेवली. कातडी पुसली, नेहमीसारखी पूर्ण कोरडी केली. मग कापसाचा बोळा करून ते तोंड बंद केलं, वर पट्टी लावली आणि सवयीनं पाच मिनिटं तळहात ठेवला. ऊब यायची नव्हती.

साडी नेसवून झाली. दाराबाहेरून दाजींचा आवाज आला, "मॅडम, काढली का?"

"काढली."

"आता काही दिसत न्हाई ना?"

"न्हाई, दाजी. बंद केलंय."

मग ते आत आले, आणि अक्कांच्या पोटाजवळ बसले.