डावीकडचा ब्रेक

हसू नका असं सांगण्यात काही अर्थ नाही. माझी ही फजिती अख्ख्या कागल तालुक्यानं पाहिलीय, मग तुम्हीच का मागं राहावं? घ्या चहा आणि ऐका.

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, ट्रॅक्टर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गेल्या वर्षी तो माझ्या नावावर झाला आणि माझ्या अंगात मालक शिरला! माझा उजवा गुडघा दुखरा. मेस्त्रीला गाठलं आणि ब्रेकचं पेडल डावीकडं, क्लचच्या शेजारी बसवून घेतलं. उजवीकडं जी जागा रिकामी झाली, तिथं ॲक्सिलेटर सरकवला.

अण्णा बघून लालेलाल झाले. "आरं, इतकी वर्सं पाय जितं जातोय तितंच जाणार की!"

"अण्णा, ट्रॅक्टर माझा हाय. मी ब्रेक टपावर बसवीन, कुणाला काय त्याचं?"

हे एवढ्यावरच मिटलं असतं हो. पण चार दिवसांत गावची यात्रा आली, आणि यात्रेत रिव्हर्स ट्रॅक्टरची स्पर्धा! मागं ट्रॉली जोडायची, चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या दोन रेघांमधून उलटं जायचं आणि कडेची एकही खुंटी पाडायची नाही. अण्णांनी चारचौघांत सुनावलं, "एक खुंटी जरी पडली, तर किल्ली माज्याकडं. ब्रेक हुता तितं बसवायचा."

"आन् न्हाय पडली तर?"

"तर तुजा ट्रॅक्टर, तुजी मर्जी. मी त्वांड उघडणार न्हाय."

ठरलं. पण पंचांनी आमची पेडलं पाहिली आणि कपाळावर हात मारला. "पावणं, हे काय करून ठेवलंय? असला ट्रॅक्टर चालायचा न्हाय."

झालं! मी मडगार्डवर उभा राहून भाषणच ठोकलं. डिझेल मी घालायचं, दुरुस्त्या मी करायच्या, आणि पेडल कुठं असावं ते दुसऱ्यानं ठरवायचं? टाळ्या पडल्या, खोटं नाही सांगत. शेवटी पंच वैतागले. "घाला एकदाचा मागं!"

घातला. मान मागं, हात स्टिअरिंगवर, कानामागून घाम. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला ट्रॉलीचं चाक खुंटीपासून चार बोटांवर आलं. शिट्ट्या थांबल्या. अण्णा तर पापणी हलवेनात. तिसरं वळण... तेही निघालं! आता फक्त शेवटच्या रेघेवर थांबायचं.

थांबायचं म्हणजे काय, ब्रेक दाबायचा. दाबला. उजव्या पायानं.

ट्रॅक्टर थांबायचा सोडून सुसाट निघाला.

"आरं ब्रेक दाब की मर्दा, ब्रेक!" सगळी यात्रा ओरडली.

"दाबलाय की!" म्हणून मी आणखी दाबला. तो आणखी पळाला!

मागं पंचांचा मांडव. पंच खुर्च्या टाकून वाट दिसेल तिकडं पळाले. ट्रॉली आत घुसली, खांब कडाडला, मांडवाचं कापड माझ्या डोक्यावर आलं आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब.

आणि कापडाखालून मी पहिलं काय विचारलं असेल?

"खुंटी पडली का ओ?"

"न्हाय!" पंच लांबून ओरडले. "खुंटी सोडून सगळं पडलंय!"

म्हणजे पैज मीच जिंकलो की! मी कापड झटकून छाती पुढं काढतोय, तोवर अण्णा आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ते शांतपणे म्हणाले, "उतर. मी काढतो भाईर."

ते वर चढले, इंजिन चालू केलं आणि खाली पाहिलं. डावीकडं शेजारी शेजारी दोन पेडलं.

"ह्यातला ब्रेक कंचा?"

मी वाकून पाहिलं. परत पाहिलं. दोन्ही सारखीच दिसत होती हो!

"एक मिनिट, अण्णा," म्हणालो, आणि सगळ्यांदेखत मेस्त्रीला फोन लावला.