कारेगावची घसरती फरशी

जमिनीवर जीव टाकणारी माणसं शिरूर तालुक्यात बांधाबांधाला भेटतील, पण फरशीवर जीव टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. मामांचे बाप-आजे मेंढरं घेऊन फिरले, मामांनी मात्र गवंड्याची थापी धरली ती धरलीच. कुणाच्याही घरी गेले की आधी खाली बघायचे, मग माणसांकडे. आणि फरशी पसंत पडली नाही तर माणसांकडे बघायचं राहूनच जायचं. माझ्या वास्तुशांतीला भटजींचे मंत्र चालू असताना या गृहस्थांनी बैठकीत तांब्याभर पाणी ओतलं, ते कुठं जातंय हे गुडघ्यावर बसून पाहिलं आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, पाणी देवघरात चाललंय. गवंडी कोण व्हता?" माझ्या पुतण्यासाठी मामांना घेऊन कासुर्डीला मुलगी बघायला गेलो. मुलीला काही विचारा म्हटलं, तर मामांनी विचारलं, "ही ओसरी कुणी केली?" सोयरीक जमली. ती ओसरीमुळेच जमली असं मामा आजही सांगतात.

रांजणगावला कारखाने उभे राहत होते त्या वर्षांत तिथल्या कितीतरी शेडच्या फरश्या मामांच्या हातच्या. पण काँक्रीट वाळलं की गवंड्याचं काम संपलं. यंत्रं आत, मामा बाहेर. एकदा स्वतः केलेली फरशी बघायला गेले तर वॉचमनने पास मागितला. "फरशी कशी वापरत्यात, येवढंच बघायचं व्हतं," ते मला म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास: आपल्या हातची एक तरी फरशी लोक वापरताना डोळ्यांनी बघायची.

कारेगावात कामगारांची पोरं तेव्हा भंगारातली बेअरिंगं फळीला ठोकून भर रस्त्यात, ट्रकांच्या मधून घसरायची. मामांनी ते पाहिलं आणि सकाळी सकाळी माझ्या दारात हजर. "पोरांना फरशी पायजे आन् मला पोरं पायजेत. मंडळ काढा." मंडळ निघालं. गावानं मोकळी जागा दिली, फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरनं वाळू आणली, पाळी संपवून आलेले कामगार दर रविवारी घमेली उचलू लागले. मी चिटणीस, म्हणजे मामांच्या शिव्या खाणारा. ओल्या फरशीवर पोती अंथरून मामा तीन आठवडे राखणीला बसले होते. एकदा एका कोंबडीनं पाय ठेवला, तर तिच्या मालकिणीशी त्यांचं भांडण दोन दिवस पुरलं.

उद्घाटनाला सरपंचांनी नारळ फोडला. पोरं आपापल्या फळ्यांवर उभी राहिली आणि कुणी ढकलायच्या आधीच हळूहळू सगळी पूर्वेच्या कोपऱ्याकडे निघाली. अकरा पोरं, त्यांच्या फळ्या आणि मागून नारळाचं पाणी. कोपऱ्यातल्या कठड्यावर आपटून सगळ्यांचा ढीग झाला. मामांनी लेव्हलची नळी लावून लावून फरशी सपाट धरली होती, पण शेवटचा हात फिरवताना जन्माची सवय आड आली. उघड्यावरची फरशी आणि पाणी जायला उतार नाही, हे त्या हाताला पटलंच नाही. "येवढी मोठी मोरी अख्ख्या तालुक्यात न्हाई," कुणीतरी म्हणालं आणि लोक खो खो हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मामा तडक कवठे येमाईला बहिणीकडं निघून गेले.

पाचव्या दिवशी परतले ते फरशी फोडायला घण घेऊनच. मी विनवण्या करत मागे. पण घण घालायला जागाच नव्हती. चढून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, असा पोरांचा नुसता धडाका चालला होता. बिहारकडच्या एका लेथ कामगाराची दहा वर्षांची मुलगी मामांच्या आडवी आली. "मत तोडिए ना, चाचाजी. इसमें धक्का नहीं मारना पडता. बस, कोने में जोर से लगता है."

"तो कोने को क्या करनेका?" मामांनी त्यांच्या हिंदीत विचारलं. तिनं तळहात खालून वर वळवून दाखवला.

मामा बराच वेळ पोरांकडे बघत राहिले. मग घण माझ्या हातात देऊन म्हणाले, "सिमिट आणा."

त्यांनी तो कोपरा कढईच्या आतल्या अंगासारखा गोल चढवला. उतारानं आलेलं पोर आता त्या गोलाईवर सरसर चढतं आणि वळून परत येतं. पुढे दौंडहून रेल्वे कॉलनीतली माणसं पोरं घेऊन ते बघायला आली, तेव्हा मामांनी "मुद्दामच काढलाय उतार" असं सांगायला सुरुवात केली होती. सुगीत कुणी तिथं बाजरी वाळत घातली की मामा ती स्वतः पोत्यात भरून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचे. "येका दाण्यावर पोरगं आपटतंय," एवढंच बोलायचे.

परवा गेलो तेव्हा मामा कडेला खुर्चीवर बसले होते. गुडघे गेलेत, पण झाडू अजून दुसऱ्याला देत नाहीत. फरशीभर चाकांच्या काळ्या रेघा पडलेल्या. मी म्हटलं, "मामा, रविवारी माणसं बोलावून घासून घेऊ."

"ऱ्हाऊ द्या. पोरांच्या हायती त्या." मग रांजणगावच्या धुराड्यांकडं बघत हळूच म्हणाले, "तितं आत कसल्या रेघा पडल्या आस्त्याल, ते काय आता बघायला मिळायचं न्हाई, जावईबापू."